प्रमेहातील व्यायामचिकित्सा : मात्रा, काल आणि व्यापद

प्रस्तावना

प्रमेहाच्या रुग्णास चंद्रप्रभा वटी देताना वैद्य तिची मात्रा सांगतो, काल सांगतो, अनुपान सांगतो आणि पुन्हा केव्हा यावयाचे तेही सांगतो. त्याच रुग्णास व्यायाम सांगण्याची वेळ आली म्हणजे मात्र बहुतेक चिकित्सालयांत एवढेच म्हटले जाते, की ‘जरा फिरायला जात जा.’ किती वेळ, कोणत्या गतीने, दिवसाच्या कोणत्या प्रहरी, कोणी जाऊ नये आणि काय झाले असता तत्काळ थांबावे, यांपैकी काहीही चिठ्ठीवर लिहिले जात नाही. रुग्णही तो सल्ला औषध म्हणून नव्हे, तर उपदेश म्हणून ऐकतो व घरी जाऊन विसरतो.

व्यायाम हे द्रव्य नसले तरी औषध आहे; आणि जे औषध आहे त्यास मात्रा आहे, काल आहे व अविचाराने योजिल्यास व्यापदही आहे. प्रस्तुत लेखात टाइप दोन मधुमेहातील दमसासाच्या व्यायामाचा, म्हणजे दीर्घकाल एका लयीत चालणाऱ्या व आधुनिक परिभाषेत ‘एरोबिक’ म्हटल्या जाणाऱ्या व्यायामाचा, या दृष्टीने विचार करावयाचा आहे. भरभर चालणे, सायकल चालविणे, पोहणे ही त्याची नित्याची उदाहरणे होत.

एका चुकीची नोंद

विषयास आरंभ करण्यापूर्वी स्वतःच्या हातून घडलेल्या एका चुकीची नोंद करणे प्रस्तुत लेखकास कर्तव्य वाटते. व्यवसायाच्या प्रारंभीच्या काळात अठ्ठावन्न वर्षांचे एक कापडव्यापारी चिकित्सेसाठी आले. मधुमेहास बारा वर्षे झाली होती; देह स्थूल, दिवसभर गादीवर बैठक. सुश्रुतसंहितेतील प्रमेहचिकित्सा नुकतीच पुन्हा वाचलेली असल्याने त्यांना रोज सकाळी तीन किलोमीटरवरील देवळापर्यंत अनवाणी जाऊन येण्यास सांगितले. गृहस्थ श्रद्धाळू होते. त्यांनी ते अक्षरशः पाळले. दिवस वैशाखाचे होते आणि दुकान उघडून, मुलाच्या हाती देऊन निघेपर्यंत त्यांना दहा वाजत. आठव्या दिवशी अंथरुणावरील चादरीस डाग दिसला म्हणून त्यांच्या पत्नीने तळपाय पाहिला. अंगठ्याखाली भाजल्याचा फोड फुटून व्रण झाला होता. वेदना मुळीच नव्हती. म्हणूनच त्यांना कळले नव्हते. पुढे तो अंगठा काढावा लागला.

त्यांच्या तळव्यास स्पर्श कळतो की नाही, हे पाहण्यास पहिल्याच दिवशी एक मिनिट लागले असते. ते मिनिट दिले गेले नाही. दोष संहितेचा नव्हता; संहितेतील एक वाक्य घेऊन त्याच्या पुढचे वाक्य सोडून देणाऱ्या वाचनाचा होता. ते पुढचे वाक्य कोणते, ते खाली येईलच.

संहितांतील विचार

चरकाचार्यांनी निदानस्थानाच्या चौथ्या अध्यायात प्रमेहाची संप्राप्ती सांगताना बहुद्रव श्लेष्मा आणि अबद्ध मेद यांना प्राधान्य दिले आहे. सुखाने बसून राहणे, सुखाने निजून राहणे, दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ व कफकर आहार ही हेतूंची मालिका सर्वांस परिचित आहे. त्याच अध्यायाच्या अखेरीस, खाण्याची हाव असलेल्या आणि स्नान व चंक्रमण यांचा तिटकारा असलेल्या मनुष्यास प्रमेह लवकर गाठतो, असे सांगताना पक्षी घरट्याच्या झाडाकडे परततात तसा हा दृष्टान्त दिला आहे. हेतूंच्या यादीत ‘न चालणे’ स्वतंत्रपणे येते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. चिकित्सास्थानाच्या सहाव्या अध्यायात विविध प्रकारच्या दृढ व्यायामांचा, उद्वर्तनाचा व स्नानादींचा उल्लेख चिकित्सा म्हणून येतो. निदानपरिवर्जन आणि चिकित्सा या दोन्ही अंगांनी व्यायामास स्थान आहे, असा याचा अर्थ होतो.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या अकराव्या अध्यायात प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद करून, पहिल्यातील रुग्ण बहुधा कृश व दुसऱ्यातील बहुधा स्थूल असतो, असे सांगितले. कृशास संस्कारित अन्नपानाने सांभाळावे, स्थूलास अपतर्पण द्यावे, हा तेथील दंडक. प्रमेह वाढलेल्या रुग्णासाठी मल्लयुद्ध, क्रीडा, हत्ती, घोडा व रथ यांवरून फिरणे, पायी चालणे, शस्त्रांचा सराव हे उपाय सांगितले आहेत. निर्धन व निराधार रुग्णाने पादत्राण आणि छत्री यांवाचून, भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र मुक्काम करीत शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे; अन्य कोणी गाईंच्या मागे हिंडावे, कोणी शेत नांगरावे, कोणी विहीर खणावी, असा तो प्रसिद्ध उतारा आहे. आणि लगेच पुढे आदेश येतो, की कृश रुग्णाचे मात्र सतत रक्षण करावे. वर ज्या सोडून दिलेल्या वाक्याचा उल्लेख केला ते हेच.

या उताऱ्यातील प्रमाण मोजून पाहण्यासारखे आहे. योजनेच्या मापाबद्दल मतभेद आहेत. आठ मैलांचे एक योजन धरल्यास शंभर योजने म्हणजे सुमारे १,२९० किलोमीटर होतात. रोज १० किलोमीटर चालणाऱ्यास त्यासाठी चार महिन्यांहून थोडे अधिक लागतात; रोज ५ किलोमीटर चालणारा ती साडेआठ महिन्यांत पुरी करतो. आचार्यांस अभिप्रेत असलेला व्यायाम एका दिवसाच्या पराक्रमाचा नाही. तो महिनोन्‌महिने, रोज, संथपणे चालावयाचा आहे. दमसासाच्या व्यायामाची याहून नेमकी कल्पना करता येणार नाही. अनवाणी चालणे हा निर्धनाच्या परिस्थितीचा व मुनिवृत्तीचा भाग आहे. ज्याच्या पायांतील संवेदना गेली आहे त्याच्यासाठी तो विधी मानणे म्हणजे संहितेशी व रुग्णाशी दोघांशीही अन्याय करणे होय.

आधुनिक शास्त्रातील पुरावा

व्यायामामुळे मधुमेह रोखता येतो का, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी चीनमधील दाचिंग येथे १९८६ साली ५७७ व्यक्तींचा अभ्यास सुरू झाला. या सर्वांची रक्तशर्करा मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. सहा वर्षांनंतर, काहीच उपाय न केलेल्या गटात ६७.७ टक्के व्यक्तींना मधुमेह जडला. केवळ व्यायाम करणाऱ्या गटात हे प्रमाण ४१.१ टक्के होते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात आठवड्यास १५० मिनिटांचा व्यायाम आणि वजनात सात टक्के घट हे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी, तर मेटफॉर्मिन घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी घटले.

आपल्या देशातील अभ्यास याहून अधिक जवळचा आहे. चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५३१ व्यक्तींवर केलेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीन वर्षांत उपाय न केलेल्यांपैकी ५५ टक्के मधुमेही झाले. आहार-व्यायाम पाळणाऱ्यांत हे प्रमाण ३९.३ टक्के व मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ४०.५ टक्के होते. दोन्ही एकत्र दिल्याने अधिक लाभ दिसला नाही. भारतीय शरीरात हा रोग अधिक हट्टी आहे आणि तरीही आहार-विहाराचे बळ औषधाच्या तोडीचे आहे, अशी दुहेरी शिकवण यातून मिळते.

रोग जडल्यानंतरच्या उपयोगाबद्दल २०११ साली प्रसिद्ध झालेले एक संकलित विश्लेषण आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. त्यात ४७ नियंत्रित अभ्यास व साडेआठ हजार रुग्ण यांचा समावेश होता. आखून दिलेला व देखरेखीखाली केलेला दमसासाचा व्यायाम १२ आठवडे वा त्याहून अधिक काळ केल्यास एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी शर्करेची खूण, ०.७३ ने खाली आली. आठवड्यास १५० मिनिटांहून अधिक व्यायाम करणाऱ्यांत ही घट ०.८९, तर त्याहून कमी करणाऱ्यांत ०.३६ होती. याउलट केवळ तोंडी सल्ला दिलेल्या रुग्णांत, त्यास आहाराच्या सल्ल्याची जोड नसेल तर, लक्षणीय घट आढळली नाही. ‘फिरायला जात जा’ या वाक्याची किंमत किती, याचे हे मोजून दिलेले उत्तर आहे.

न्यायबुद्धीने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेत ५,१४५ स्थूल मधुमेहींवर केलेल्या दीर्घ अभ्यासात आहार-व्यायामाने वजन, शर्करा व कार्यक्षमता सुधारली. परंतु हृद्रोगाच्या घटना घटल्याचे दिसले नाही व तो अभ्यास २०१२ साली थांबविण्यात आला. व्यायाम हे मोठे साधन आहे. रक्तदाब, मेदोविकार, तंबाखू इत्यादींकडे दुर्लक्ष करण्याचा तो परवाना नव्हे.

कार्यकारणभाव

भोजनोत्तर इन्सुलिनच्या प्रभावाखाली जी शर्करा शरीरातील ऊती ओढून घेतात, तिचा फार मोठा वाटा अस्थिबद्ध स्नायूंकडे जातो. टाइप दोन मधुमेहात स्नायू इन्सुलिनच्या हाकेस नीट ओ देत नाहीत. परंतु स्नायू आकुंचन पावू लागला, की त्याच्या पेशींतील शर्करावाहक प्रथिने इन्सुलिनची वाट न पाहता पेशीच्या आवरणाकडे येतात व शर्करा आत घेऊ लागतात. चालणाऱ्या पायांत शर्करेसाठी जणू दुसरे दार उघडते, आणि हे दार मधुमेहीतही शाबूत असते. व्यायाम थांबल्यानंतरही इन्सुलिनविषयीची सुधारलेली संवेदनशीलता साधारण २४ ते ७२ तास टिकते. म्हणूनच व्यायामात सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये, असा नियम घातला जातो. आठवड्याच्या अखेरीस एकदाच गड चढणे किंवा वर्षातून एकदा वारीस जाणे यांचे इतर मोल कितीही असो, प्रमेहचिकित्सा म्हणून ते अपुरे आहे. दीर्घकालीन अभ्यासाने स्नायूंतील केशवाहिन्या व ऊर्जा निर्माण करणारे पेशीघटक वाढतात, त्यामुळे इंधन जाळण्याची क्षमताही वाढते.

आपल्या परिभाषेत अग्निदीप्ती, मेदःक्षय, लाघव व कर्मसामर्थ्य ही जी व्यायामाची फळे वाग्भटाचार्यांनी सांगितली, त्यांच्याशी हे वर्णन सुसंगत वाटते. दोन्ही परिभाषांची ओढूनताणून एकरूपता दाखविण्याचे मात्र कारण नाही. रुग्णाच्या उपयोगी दोन्ही पडतात, एवढे पुरे.

कृश दिसणारा स्थूल

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांच्यासह २००४ साली स्वतःच्या दोघांच्या मोजमापांचे उदाहरण प्रसिद्ध केले. दोघांचाही देहभारांक २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होते. हातपाय बारीक, पोट सुटलेले, असा जो रुग्ण आपण रोज पाहतो, त्यास केवळ दर्शनाने कृश म्हणून व्यायामातून वगळणे चूक ठरेल. म्हणून कटिमापन अवश्य करावे. पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही आपल्याकडील मर्यादा मानली जाते. याउलट वजन झपाट्याने उतरत असलेला, तहान व मूत्रप्रवृत्ती वाढलेला, बलक्षीण झालेला रुग्ण हा खरा रक्षणीय कृश होय. त्यास आधी शर्करानियंत्रण व बल्य उपचार, आणि व्यायाम नंतर.

पूर्वपरीक्षा

व्यायाम लिहून देण्यापूर्वी पुढील गोष्टी रुग्णपत्रिकेवर नोंदवाव्यात.

१. पाय : दोन्ही तळवे, बोटांमधील बेचके, नखे व टाचांच्या भेगा पाहाव्यात. दहा ग्रॅमच्या नायलॉन तंतूने तळव्याची संवेदना तपासावी. तो नसल्यास कापसाचा स्पर्श व कंपनकाटा वापरावा. पायाची नाडी पाहावी.

२. हृदय : चढावर छातीत दडपण, जबडा वा डाव्या हातात वेदना, अकारण धाप, मूर्च्छा यांविषयी स्पष्ट विचारावे. मधुमेहीस छातीत न दुखताही हृद्विकार असू शकतो, हे ध्यानात ठेवून संशय येताच हृद्रोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

३. नेत्र : दृष्टिपटलावर नव्या रक्तवाहिन्या फुटल्या असल्यास धावणे, उड्या, जड वजन उचलणे, श्वास कोंडून करावयाची आणि डोके खाली घालावयाची आसने वर्ज्य. सूर्यनमस्कार सरसकट सर्वांस सांगणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

४. चालू औषधे : इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लेमाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांत व्यायामाने शर्करा धोकादायक रीतीने उतरू शकते. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत हा धोका अल्प असतो. बीटा-ब्लॉकर वर्गातील गोळ्यांमुळे नाडी मंद राहते व शर्करा उतरल्याची धडधड जाणवत नाही. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातील औषधे मूत्रावाटे शर्करा बाहेर टाकतात. त्यामुळे असा रुग्ण उपवास करून उन्हात दीर्घकाल चालल्यास द्रवक्षय व क्वचित अम्लविषाक्तता उद्भवते. या रुग्णांच्या मूत्रात शर्करा आढळणारच. तीवरून रोगाचे मान ठरवू नये.

मात्रा : अर्धशक्तीचा निकष

व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, हा आपल्या शास्त्राचा नियम. हृदयातील वायू मुखाकडे येऊ लागणे, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागणे, हे बलार्धाचे लक्षण सुश्रुताचार्यांनी दिले आहे. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे आणि मुख कोरडे पडणे ही लक्षणेही परंपरेत सांगितली जातात. आज व्यायामाची मध्यम गती ओळखण्यासाठी जी सोपी कसोटी वापरतात ती अशी : चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. दोन्ही कसोट्यांचा रोख एकच आहे आणि दोहोंसही यंत्र लागत नाही. ज्यांना नाडी मोजावयाची आहे त्यांनी २२० मधून वय वजा करून येणाऱ्या संख्येच्या ५० ते ७० टक्के ही मर्यादा धरावी; पंचावन्न वर्षांच्या रुग्णास ती मिनिटास सुमारे ८३ ते ११५ येते. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यास मात्र नाडीपेक्षा बोलण्याचीच कसोटी लावावी.

गतीचे आणखी एक माप म्हणजे मिनिटास सुमारे शंभर पावले. नित्य बैठ्या रुग्णासाठी बारा आठवड्यांची योजना पुढीलप्रमाणे लिहून देता येते :

आठवडा १ व २ : रोज १५ मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस.
आठवडा ३ व ४ : रोज २० मिनिटे, पाच दिवस.
आठवडा ५ ते ८ : रोज ३० मिनिटे, पाच दिवस, म्हणजे एकूण १५० मिनिटे.
आठवडा ९ ते १२ : रोज ४० मिनिटे, पाच दिवस, म्हणजे एकूण २०० मिनिटे.

प्रत्येक वेळी पहिली व शेवटची पाच मिनिटे संथ चालावे. ती वरील वेळेतच धरावीत. यास आठवड्यातून दोन-तीन दिवस बैठका, भिंतीस हात टेकून जोर इत्यादी बलवर्धक व्यायामांची जोड द्यावी. वृद्धांत मांसक्षय टाळण्यासाठी ती विशेष आवश्यक आहे. गुडघेदुखीच्या रुग्णास सायकल किंवा पाण्यातील व्यायाम सांगावा. दुकानात अथवा कचेरीत बसणाऱ्याने दर अर्ध्या तासाने उठून दोन-तीन मिनिटे चालावे.

अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, श्रम, कास, ज्वर इत्यादी विकार होतात असे वाग्भटाचार्य सांगतात. प्रमेहात धातुक्षयाने वात प्रकुपित होणे म्हणजे रोग साध्यत्वाकडून असाध्यत्वाकडे ढकलणे होय. उत्साहाच्या भरात पहिल्याच आठवड्यात दहा किलोमीटर धावणाऱ्या रुग्णास थांबविणे, हेही वैद्याचेच काम आहे.

काल : शतपावलीचा पुनर्विचार

हेमंत, शिशिर व वसंत ऋतूंत अर्धशक्ती व्यायाम, अन्य ऋतूंत त्याहून कमी, हा नियम विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात अक्षरशः पाळण्यासारखा आहे. तेव्हा उजाडताना किंवा सूर्यास्तानंतर चालावे.

भोजनानंतर श्रमाचा व्यायाम निषिद्ध आहे. परंतु चंक्रमण निषिद्ध नाही. भोजनोत्तर अन्नाचा शीण जाईपर्यंत स्वस्थ बसावे व मग शंभर पावले चालावे, असे सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितले आहे. घरोघरच्या शतपावलीचा आधार हाच. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात ४१ टाइप दोन मधुमेहींवर झालेल्या व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसातून एकदा केव्हाही ३० मिनिटे चालण्याऐवजी प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटे चालल्यास भोजनोत्तर शर्करा सरासरी १२ टक्क्यांनी, व रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्क्यांनी कमी राहिली. मध्यम गतीने शंभर पावले टाकण्यास एक मिनिटच लागते. प्रमेहीची शतपावली ही सहस्रपावली झाली, की ती दहा मिनिटांची मात्रा पुरी करते. ज्या गृहिणीस सकाळी घराबाहेर पडणे शक्य नाही, तिला गच्चीवर वा अंगणात तीन वेळा दहा मिनिटे चालणे सहज जमते, असा अनुभव आहे.

व्यापद आणि त्यांचा प्रतिकार

अकस्मात घाम, थरथर, भूक, धडधड, चिडचिड, जीभ जड होणे ही शर्करा उतरल्याची लक्षणे. ७० मिलिग्रॅमच्या खाली शर्करा गेल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे व न सुधारल्यास पुन्हा द्यावी. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडाने काहीही न देता तत्काळ रुग्णालयात न्यावे. इन्सुलिन किंवा वर सांगितलेल्या गोळ्या घेणाऱ्याची शर्करा निघण्यापूर्वी ९० च्या खाली असल्यास त्याने आधी थोडे खाऊन मगच निघावे. शर्करा २५० च्या वर असून मळमळ, पोटदुखी, अतिशय ग्लानी असल्यास किंवा मूत्रात कीटोन आढळल्यास व्यायाम करू नये. सायंकाळी दीर्घकाल चालल्यास काहींची शर्करा रात्री झोपेत उतरते. अशा रुग्णांस व त्यांच्या कुटुंबीयांस याची पूर्वसूचना द्यावी.

खिशात साखरेची पुडी, ओळखीची चिठ्ठी, पायांत मऊ व बोटे न आवळणारे बूट, पांढरे सुती मोजे ही या औषधाची अनुपाने समजावीत. मोजे पांढरेच का, तर जखमेचा डाग त्यावर दिसतो. पाय सायंकाळी किंचित सुजलेले असतात, म्हणून बूट त्या वेळी खरेदी करावेत. परत आल्यावर तळवे रोज पाहावेत. स्वतःस दिसत नसतील तर आरशात पाहावेत किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावेत. आषाढी वारीस निघणाऱ्या मधुमेही वारकऱ्यांस हा उपदेश महिनाभर आधीच करावा. अनवाणी चालण्याचा नेम असल्यास, ज्याच्या तळव्याची संवेदना गेली आहे त्याला वैद्याने स्पष्ट शब्दांत मना करावे. माउलींच्या वाटेवर बूट घालून चालल्याने पुण्य उणे होत नाही, हे वैद्याच्या तोंडून ऐकले म्हणजे रुग्णास धीर येतो.

औषधविक्रेत्यांसाठी

गुडमार, विजयसार, कारले, जांभूळबी, मेथी यांची चूर्णे चिठ्ठीवाचून विकत घेणारे ग्राहक पुष्कळ असतात. त्यांना ‘इतर कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ आणि ‘नुकताच व्यायाम वाढविला आहे का?’ हे दोन प्रश्न विचारावेत. आधुनिक गोळ्या, शर्कराशामक चूर्ण व नवा व्यायाम ही तिन्ही एकाच आठवड्यात सुरू झाल्यास शर्करा एकदम उतरण्याचा धोका असतो. गोळ्या वा इन्सुलिन स्वतःहून बंद करण्याचा सल्ला दुकानातून कधीही दिला जाऊ नये. मात्रा कमी करावयाची असल्यास मूळ चिकित्सकास पत्र लिहावे. काही तथाकथित आयुर्वेदिक चूर्णांत आधुनिक शर्कराशामक औषधांची भेसळ आढळलेली आहे. निर्मात्याचा परवाना व घटकांची नोंद नसलेला माल ठेवू नये. मधुमेह बरा करण्याची हमी देणारी जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येते, हेही विसरू नये. शक्य असल्यास दुकानात शर्करामापक यंत्र ठेवावे. अर्ध्या तासाच्या चालण्यापूर्वी व नंतर रुग्णाने स्वतःच्या डोळ्यांनी दोन आकडे पाहिले, की त्याची जितकी खात्री पटते तितकी दहा उपदेशांनी पटत नाही.

उपसंहार

देशव्यापी सर्वेक्षणाच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही व १३ कोटी ६० लाख मधुमेहपूर्व अवस्थेतील व्यक्ती आहेत. यांतील पुष्कळांची पहिली भेट आपल्यापैकी कोणाशी तरी होते. अशा वेळी चिठ्ठीवर औषधांच्या खाली आणखी एक ओळ लिहावी : चालणे, इतकी मिनिटे, या वेळी, या गतीने, आठवड्यातून इतके दिवस. पुढील भेटीत औषध घेतले का असे विचारतो, त्याच स्वरात चालण्याची नोंदवही पाहावी. तीन महिन्यांनी एचबीएवनसी, वजन व कटिमापन पुन्हा करून फळ तपासावे.

वर उल्लेखिलेले व्यापारी गृहस्थ पुढे अनेक वर्षे प्रस्तुत लेखकाकडेच येत राहिले. व्रण भरल्यावर त्यांनी बूट घालून चालणे पुन्हा सुरू केले व शर्करा आटोक्यात ठेवली. त्यांनी कधी दोष दिला नाही. परंतु तेव्हापासून आमच्या चिकित्सालयात एक नियम आहे : प्रमेहाच्या रुग्णाची नाडी पाहण्यापूर्वी त्याचे पादत्राण व मोजे काढावयास सांगावयाचे आणि आधी तळवे पाहावयाचे. वैद्यबंधु-भगिनींनी हा नियम आपल्या येथेही सुरू करावा, अशी नम्र विनंती आहे.